बेंजीमामाची तपासणी

इस्रायलमधल्या आमच्या डिमोना गावात दोन माणसं भेटली की आधी तब्येत विचारतात, मग पोरांचं. माझा बेंजीमामा थेट विचारतो, "पोट साफ झालं?" बसच्या रांगेत विचारतो, शनिवारी शब्बाथच्या प्रार्थनेनंतर विचारतो. एकदा त्याने मांडवात नवरीला विचारलं. ती इथेच जन्मलेली, मराठी कळेना. आशीर्वाद समजून लाजत "आमेन" म्हणाली.

हा माझ्या आईचा धाकटा भाऊ. मुंबईत कापडाच्या गिरणीत होता, इथेही कापडाच्याच कारखान्यात. रिटायर झाल्यावर त्याला नवं काम मिळालं. आमच्या कुपातचा, म्हणजे आजारविम्याचा दवाखाना पन्नाशीपुढच्यांना दरसाल एक पाकीट धाडतो. आत तीन कार्डं आणि काड्या. तीन वेगळ्या दिवशी शौचाचा ठिपका कार्डावर लावायचा. डोळ्याला न दिसणारं रक्त असेल तर तपासताना कार्ड निळं होतं, आणि आतड्याचा कॅन्सर वेळेत सापडू शकतो. माझं पाकीट टीव्हीखाली पडून होतं. मला भीती आजाराची नव्हती, काडीची होती.

मामाने मात्र सगळ्या बिल्डिंगला धडे दिले. "तीन दिवस आधीपासून गोश्त बंद! कलेजीकडे तर बघायचंसुद्धा नाय. मुळा बंद. नायतर कार्ड फुकटचं निळं होतं!" एलियाहू हन्नबी या आमच्या संदेष्ट्याच्या नावाने केलेल्या मलिद्याला आम्ही सगळे गोड पोह्यांच्या ताटाभोवती बसलो होतो, तेव्हा काडी कशी फिरवायची ते त्याने केळ्यावर करून दाखवलं. त्या दिवशी केळी उरली. स्वतःची कार्डं तो मिठाईच्या खोक्यातून दवाखान्यात घेऊन गेला. नर्सने "तोदा, तोदा" करत आभार मानले आणि खोकं चहाशेजारी ठेवलं.

मामी गेल्यापासून मामा एकटाच. एकुलती एक मुलगी रूथ यरुशलेमला सरकारी ऑफिसात. शुक्रवारी शब्बाथचे दिवे लावायच्या आधी तिचा फोन येई. मामा मराठीत विचारी, "कधी येतेस गो?" ती हिब्रूत म्हणे, "बेसेदर, आबा," म्हणजे बरं बाबा, "बघू." फोन ठेवला की मामा खाली बाकावर जाऊन बसायचा आणि यरुशलेमहून बेरशेवामार्गे येणाऱ्या बसमधून कोण कोण उतरतं ते बघायचा. शेवटची बस रिकामी झाली की म्हणायचा, "आज गर्दी नव्हती."

पुढच्या साली पाकीट आलं त्या आठवड्यात मी मासळीचं कालवण घेऊन त्याच्याकडे गेले. दारातच वास आला. कढईत कलेजी, बशीत मुळा, आणि खिडकीत कार्डं वाळत घातलेली.

"मामा! आणि आम्हाला शिकवतोस?"

"चूप बस. माणसाला कधी खावंसं वाटतं." माझ्याकडे न बघता तो कलेजी परतत राहिला.

कार्ड निळं झालं. बेरशेवाच्या हॉस्पिटलात नळी घालून आतडं तपासायचं ठरलं. गुंगी देणार, म्हणून सोबत घरचं माणूस हवं.

"मी येते की," मी म्हटलं.

"तू नको. तुझे गुडघे दुखतात."

माझे गुडघे ठणठणीत होते. त्यांच्यावरचं वजन जास्त होतं, ती गोष्ट वेगळी.

मामाने रूथला फोन केला, आणि ती पुढच्याच बसने आली, बॅग घेऊन. आदल्या दिवशी पोट रिकामं करायचं औषध तिने ग्लास ग्लास करून त्याला पाजलं, आणि मग संडासाच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसली. थोड्या वेळाने तिने हाक मारली, चक्क मराठीत, "बाबा, झालं काय?"

"अजून नाय," मामा आतून म्हणाला. माझी खात्री आहे, झालं होतं. "तू बस तिथेच."

सकाळी मीही गेले, गुडघ्यांसकट. तपासणीनंतर मामाची गुंगी उतरली तेव्हा रूथ त्याचा हात धरून बसली होती. डॉक्टर हसतच आला. सगळं स्वच्छ. रूथ माझ्या गळ्यात पडून रडली.

"आता दहा वर्षं काही करायला नको," डॉक्टर म्हणाला.

मामाचा चेहरा पडला. "दहा?" त्याने आपल्या मोडक्या हिब्रूत विचारलं. "डॉक्टर, नीट बघितलंत ना? कोपऱ्याबिपऱ्यात?"