गिळलेलं पान आणि गव्याचं भाडं

एका जंगलात, खाडीच्या धक्क्यावर, भांडण चाललं होतं. जंगल कोणतं ते विचारू नका, बाळांनो. ओळखीचं वाटलं तर तो तुमचा दोष.

“सत्तर देतोय ना तो? घ्या आणि चला,” सुंद्राबाई म्हणाली.

“सत्तर? अगं, शंभर गुंजांच्या नव्वद कवड्या होतात. वाघाच्या दरबारात रोज सकाळी भाव पुकारतात. हे माकड आपल्याला लुटतंय.”

“मग वाघाकडून घ्या.”

“वाघ देत नाही. वाघ फक्त भाव सांगतो.”

भांडणारी दोघं साळिंदरं होती. नवरा केरबा आणि बायको सुंद्राबाई. अलीकडच्या रानातून कासवाच्या पाठीवर बसून, खाडी ओलांडून, ती दोघं नुकतीच पल्याडच्या रानात उतरली होती. अलीकडं गुंजा चालतात. पल्याड कवड्या चालतात. गुंजा झुडपाखाली फुकट पडलेल्या असतात आणि कवड्या वाळूत. तरी दोन्हीकडची जनावरं त्या उरीपोटी धरून बसतात. शहाणी जनावरं आहेत, आपण काय बोलणार?

आता सुंद्राबाईला घाई का होती ते ऐका.

पल्याडच्या रानात तिचा धाकटा भाऊ राहत होता. त्याला मुलगा झाला होता. आज बारावा दिवस. ऊन माथ्यावर आलं की बारसं. आणि बारशाला एक वेळ बाप नसला तरी भागतं, आत्या लागते. पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र करायचा मान तिचा. सुंद्राबाई एकुलती एक आत्या. तिनं आपल्या वडिलांचं नाव ठरवून आणलं होतं, शूळोजी.

आत्या वेळेत पोचली नाही तर तो मान मावशीला जाणार होता. मावशीनंही नाव ठरवलं होतं. मृदुल.

“साळिंदराच्या पोराला मृदुल,” सुंद्राबाई खाडीभर कासवाला सांगत आली होती. “उद्या लांडगा चाटायला येईल.”

कासव काही बोललं नव्हतं. कासवं बोलत नाहीत, म्हणून तर त्यांची नावाडी म्हणून नेमणूक करतात.

भावाचं बीळ टेकडीच्या पलीकडं होतं. चालत गेलं तर दोन दिवस. गव्याच्या पाठीवर बसलं तर घटकाभर. गव्याचं दोघांचं भाडं साठ कवड्या.

“साठ लागतात. सत्तर मिळतायत,” सुंद्राबाई म्हणाली. “मला शाळा ठाऊक नाही, पण साठाहून सत्तर मोठे हे मला कळतं.”

“प्रश्न कवड्यांचा नाही. तत्त्वाचा आहे,” केरबा म्हणाला.

नवऱ्याच्या तोंडून तत्त्व हा शब्द आला, की बाळांनो, समजावं, उशीर होणार.

गुंजांची पुरचुंडी केरबाच्या कमरेला होती. त्यामुळं सुंद्राबाईला नुसतं बघत राहावं लागलं.

माकडाच्या दुकानावर पाटी होती, ‘कमिशन नाही.’ केरबा तिथून कोल्ह्याच्या दुकानात गेला. कोल्ह्याची पाटी होती, ‘रानातला सर्वोत्तम भाव. शंभराला नव्वद.’ केरबाचे काटे आनंदानं फुलले. मग कोल्हा गोड हसून म्हणाला, “यातून पंधरा कवड्या आमचं कमिशन. आणि तीन कवड्या पावतीच्या.”

“पावती नको.”

“नको असल्याची पावती तीन कवड्या.”

म्हणजे बहात्तर. केरबा पुढं बगळ्याकडं गेला. बगळा एका पायावर उभा होता. तो शंभराला पंचाण्णव देत होता, पण हजार गुंजांच्या खाली तो दुसरा पाय जमिनीला टेकवत नसे. केरबाकडं दोनशे होत्या. त्यानं वाळूत रेघा ओढून हिशोब केला. सत्तर की बहात्तर? सत्तरवाल्यानं तीन वाढवले तर? म्हणून तो परत माकडाकडं आला. तोवर माकडाचा भाव अडुसष्ट झाला होता.

“मघाशी सत्तर होता,” केरबा म्हणाला.

“मघाशी घ्यायचं होतं,” माकड म्हणालं.

फिरून फिरून केरबाला तहान लागली. खेकड्याच्या टपरीवर दोघांनी गवती चहा घेतला. पाटीवर लिहिलं होतं, दोन पेले बारा कवड्या. खेकडा फार अदबशीर. म्हणाला, “काका, परक्या कवड्यांच्या भानगडीत कशाला पडता? तुमच्याच गुंजांत द्या की. हिशोब आम्ही करतो.”

केरबाला भरून आलं. परमुलखात कुणीतरी आपल्या गुंजांना विचारतंय. “आपलं ते आपलं,” असं म्हणून त्यानं अभिमानानं पुरचुंडी सोडली. खेकड्यानं तीस गुंजा मोजून घेतल्या.

“कोल्ह्याच्या भावानंसुद्धा सतरा झाल्या असत्या,” सुंद्राबाई म्हणाली.

“अगं, पण आपल्या गुंजांत दिले.”

“हो. जास्त दिले, पण आपले दिले.”

ऊन माथ्याकडं सरकत होतं. गवा एका सागाला पाठ घासत उभा होता. सुंद्राबाईचं लक्ष त्याच्याकडंच होतं.

“आता ऐक,” केरबा म्हणाला, “मी उगाच फिरतोय असं समजू नकोस. माझ्याकडं हुकमाचं पान आहे.”

त्यानं पाठीच्या काट्यांतून एक ताडाचं पान काढलं. त्याच्यावर गरुड पतपेढीचा पंजा उमटवलेला होता. हे पान कुठल्याही रानात दाखवलं की कवड्या मिळतात, असं केरबा गेले तीन महिने अख्ख्या रानाला सांगत होता. धक्क्यामागं एक वड होता. त्याच्या ढोलीत पान सरकवायचं, आत घोरपड बसलेली असते, ती पंजा बघते आणि कवड्या बाहेर ढकलते. अशी सोय.

केरबानं पान ढोलीत सरकवलं. थोडा वेळ खुडबुड झाली. मग आतून आवाज आला, “पान ठेवून घेतलंय.”

“कवड्या?”

“नाहीत.”

“मग पान परत दे.”

“घोरपडीनं धरलेलं सुटत नाही. हे तुम्हाला माझ्या आजीच्या वेळेपासून माहीत आहे.” घोरपडीनं डोकं बाहेर काढलं. “परमुलखात चाललात ते पतपेढीला सांगून निघायचं असतं. नाहीतर पान चोरीला गेलं असं आम्ही धरतो. निघताना विचारायला पतपेढीचा कावळा येतो. आला नव्हता?”



कावळा आला होता. पहाटे दोघं पडशी घेऊन बिळाबाहेर पडतात तोच जांभळीवरून ओरडला होता, “कुठं निघालात?”

आता निघताना कुठं म्हणून विचारू नये, हे तुमच्या माझ्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. विचारलं की काम फिसकटतं. सुंद्राबाई तशीच मागं फिरली होती. पाय धुतले, जिभेवर गूळ ठेवला, घटकाभर टेकली आणि पुन्हा निघाली. निघताना कावळ्याला म्हणाली होती, “कोकिळेची पोरं वाढवायच्या नादात तुझ्या आईनं तुला काही शिकवलेलं दिसत नाही.”

कावळा उडून गेला होता.

“तू त्याला हाकललंस,” केरबा हळूच म्हणाला.

“त्यानं ‘कुठं’ म्हणून विचारलं.”

“त्याचं कामच ते होतं.”

“मग चांगलं काम बघावं त्यानं.”

दोघं पळत माकडाकडं आली. अडुसष्ट तर अडुसष्ट. पण माकडाच्या दुकानावर फळी होती, ‘जेवणाची सुट्टी.’ कोल्ह्याच्याही. बगळा समोरच होता, पण त्याच्या चोचीत मासा होता आणि मासा तोंडात असताना तो कुणाला ओळख देत नसे.

केरबा मटकन खाली बसला. टेकडीपलीकडून सनईचा आवाज ऐकू यायला लागला.

सुंद्राबाई बसली नाही. ती सरळ गव्यासमोर जाऊन उभी राहिली.

“भाडं साठ कवड्या,” गवा म्हणाला.

“कवड्या नाहीत. पाठ खाजते का हो तुमची?”

गवा चपापला. “कुणी सांगितलं?”

“सकाळपासून बघतेय. त्या बिचाऱ्या सागाची साल गेली सगळी.”

गवा मान खाली घालून म्हणाला, “मधोमध खाजते, बाई. शिंग पोचत नाही, शेपूट पोचत नाही. बगळा बसतो, पण तो गोचीड खाऊन उडून जातो.”

“माझ्याकडं काटे आहेत. टेकडी ओलांडेपर्यंत खाजवते.”

“वाटभर?”

“वाटभर. एकच अट. हे मागं बसतील आणि बोलणार नाहीत.”

गवा खाली बसला. असा गवा, बाळांनो, मी दुसरा बघितला नाही. चढावर तो डोळे मिटून चालत होता आणि म्हणत होता, “जरा डावीकडं. आणखी. हां, तिथंच.” केरबा मागून कुजबुजला, “साठ कवड्या भागिले एवढं खाजवणं, म्हणजे एका खाजवण्याला...” सुंद्राबाईनं एक काटा मागं वळवला. केरबाचा भागाकार अर्धाच राहिला.

बिळापाशी पोचली तेव्हा बायका पाळण्याभोवती उभ्या होत्या. मावशी वाकली होती. तिनं कुर्र केलंही होतं. तोंडातून ‘मृ’ एवढं बाहेर पडलं होतं.

“बाजूला हो,” सुंद्राबाई गव्यावरूनच म्हणाली. “आत्या आली.”

मावशी बाजूला झाली. गव्यावरून आलेल्या आत्याला कोण अडवणार? सुंद्राबाई वाकली, बाळाच्या कानात कुर्र केलं आणि पोराचं नाव शूळोजी पडलं. नाव ठेवल्यावर आत्याच्या पाठीत सगळ्या बायकांनी बुक्के घालायची रीत आहे. साळिंदरांत ही रीत लांबून पाळतात.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण दोघांना परत घरी यायचं होतं.

चार दिवसांनी ती धक्क्यावर आली, तर तिथं गर्दी. गव्यानं नवी पाटी लावली होती, ‘भाडं साठ कवड्या किंवा वाटभर खाजवणं.’ आणि माकडाचं दुकान तिप्पट मोठं झालं होतं. बाहेर अस्वलांची रांग लागली होती. पाटी होती, ‘खाजवण्याचे आजचे भाव. कमिशन नाही.’

केरबा थबकला. त्यानं पाटी वाचली. वाळूत बसून रेघा ओढल्या. मग तोंड पाडून उठला.

“आपण फसलो,” तो म्हणाला. “आजच्या भावानं टेकडीच्या माथ्यापर्यंतचं खाजवणं पुरलं असतं. तू उतारभर फुकट खाजवलंस.”

“गवा सुखात होता. त्यात फुकट काय गेलं?”

“आणि मुळात त्या कावळ्याला सांगितलं असतंस ना, कुठं चाललो ते, तर पान चाललं असतं. चूक तुझीच. कबूल कर.”

रांगेतली अस्वलं कान देऊन ऐकत होती. माकड भाव बदलायचं थांबलं. कासवानंसुद्धा मान बाहेर काढली.

सुंद्राबाईनं पडशी कासवाच्या पाठीवर ठेवली, वर चढून नीट बसली आणि म्हणाली, “पान चाललं असतं तर तुम्ही अजून इथं त्याचाच भाव बघत उभे असता, आणि तिकडं आपल्या शूळोजीला सगळं रान मृदुल म्हणून हाका मारत असतं.”

तात्पर्य: परमुलखाला निघताना पतपेढीला अजिबात कळवू नये, पान बंद पडलं तरच नवरे वेळेवर पोचतात.