मिशी गेली, मामाही गेला

स्फूर्ती, नुसतं ऐक गं, मध्ये तोंड घालू नकोस. आपला मेलकावेरीचा सुधींद्र, तो पोलीस झालेला, सव्वीस वर्षांचा घोडा आणि चेहरा मात्र नववीतल्या पोराचा, त्याचं काय झालं माहीत आहे? त्याची मिशी गेली. आणि साधीसुधी नाही, लग्नाची मिशी!

म्हणजे असं, की त्याच्या चेहऱ्यापायी कुठलंच स्थळ जमत नव्हतं. मुलीकडचे यायचे, कॉफी प्यायचे आणि जाताना विचारायचे, "मोठा मुलगा घरी नाही का?" इथं तमिळ मुलखात आपल्या मराठी लोकांत उरलेल्या मुली किती? अर्ध्या अमेरिकेत, अर्ध्या नात्यातल्या. राहिली होती ती तिरुभुवनमची अनुषा. फोटो पाहून तिच्या बापानं निरोप धाडला होता, "मिशी बरी आहे, शुक्रवारी बघायला येतो." त्या मिशीला सुधींद्रानं एरंडेल पाजून पाजून वाढवलं होतं बिचाऱ्यानं. रोज आरशासमोर उभा राहून तो तिची चौकशी करायचा, जशी आजाऱ्याची करतात.

आणि नेमका त्याच आठवड्यात त्यांच्या ठाण्याला निधी आला. शाळकरी पोरांना सिगारेट आणि ते व्हेपचं धुराचं पेन विकणाऱ्या टपऱ्या पकडायच्या, त्यासाठी. इन्स्पेक्टर जयकुमारनी सगळ्यांना रांगेत उभं केलं, एकेकाचं तोंड पाहिलं आणि सुधींद्रापाशी येऊन थांबले.

"खरं पोर पाठवता येत नाही," ते म्हणाले. "तू जायचं. मिशी काढ."

"सार, शुक्रवारी मला बघायला..."

"मिशी वाढते रे. निधी एकदा परत गेला की वाढत नाही."

मग काय! निधीतनं शाळेचा गणवेश आला, दप्तर आलं, गळ्यात अडकवायची पाण्याची बाटली आली. सुधींद्र न्हाव्याच्या खुर्चीत बसला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. न्हावी म्हणाला, "पहिल्यांदा करतोस का बाळा? घाबरू नको."

आता धाड म्हणशील तर ऐक. महामहम तलावापाशी पहिली टपरी. सुधींद्रानं सिगारेट मागितली, आतल्या म्हातारीनं हात बाहेर काढून त्याच्या टाळक्यात मारली. पुढच्या दुकानात कडलै मिठाई, म्हणजे आपली शेंगदाण्याची चिक्की, हातात मिळाली, वर "अप्पाला सांगू का?" अशी धमकी. त्याच्या पुढचा तर कान धरून त्याला थेट शाळेत घेऊन गेला! आणि तिथल्या ड्रिल मास्तरानं त्याला उन्हात अंगठे धरून उभं केलं. बोलायची सोय नाही, गुप्त मोहीम ना! जयकुमार गाडीत बसून बघत होते, पण सोडवायला आले नाहीत. उलट चिडले.

"कसलं गाव आहे हे? एक माणूस विकत नाही! सगळेच प्रामाणिक निघाले तर वर काय लिहू? निधी घेऊन कॉफी प्यालो म्हणून? आज एक तरी केस हवी. नाहीतर तुला कुठे पाठवतो बघ."

म्हणून शेवटी दारासुरम्. बस थांबते तिथे एक टपरी आहे, विड्याची पानं, केळी, सिगारेटी. कपाळावर गोपीचंदन लावलेला एक पोट सुटलेला माणूस बसला होता. त्यानंही तमिळमध्ये झाडलंच, "अठरा झाली का? पळ!" सुधींद्र वळणार, तेवढ्यात त्याच्या आईचा, वेंकटलक्ष्मीबाईंचा फोन. आणि आपल्या माणसाला आईच्या फोनवर कुठली भाषा येते, तूच सांग.

"अम्मा, कामात आहे गं. तूप आणतो, होव होव, ठेव."

टपरीवाल्याचं तोंड बदललं. केळीचे घड बाजूला सारून तो पुढे वाकला. "अरे! आपला का तू? कोणाचा रे?"

आता बाहेरगावी आपल्या माणसानं 'कोणाचा' विचारलं की उत्तर दिल्याशिवाय आपल्यातला कोणी हललाय कधी? सुधींद्रही बोलून गेला, "मेलकावेरीचा." मग खरं सांगता येईना, म्हणून घाईघाईत म्हणाला, "घरी पाहुणे आलेत मामा, त्यांना सिगारेट हवी. म्हणून मला धाडलं."

"कसले पाहुणे?"

"थोरल्या अण्णाला बघायला. मुलीकडचे. तिरुभुवनमचे."

"अण्णा काय करतो?"

"पोलिसात आहे."

टपरीवाला उभाच राहिला. "सुधींद्र? अरे, मग मुलगी माझी भाची! मी वरदराज, अनुषाचा सख्खा मामा! शुक्रवारी जायचं ठरलं होतं, आणि मेहुणा मला टाकून आजच गेला? मामाच्या हाताशिवाय मुलगी मंडपात पाऊल टाकते का रे? दोन दिवस आधी जाऊन काय मिळवलं त्यानं?"

सुधींद्र दोन्ही हात हलवू लागला. तो "तसं नाही मामा" म्हणेपर्यंत वरदराजमामांनी मेहुण्याला फोन लावून शिव्या सुरूही केल्या होत्या. तिकडे मेहुणा शपथा घेतोय की मी घरी लुंगीत बसलोय, इकडे मामा म्हणतायत, "खोटं बोलू नको, तुझी सिगारेट न्यायला पोर इथे उभं आहे!" फोन आपटून त्यांनी अख्खं पाकीट सुधींद्राच्या हातात कोंबलं. "घे. त्याला हीच लागते. सांग, तुम्ही मामाला विसरलात, मामा नाही विसरला."

सुधींद्रानं पैसे पुढे केले.

"आपल्यात पैसा? ठेव आत!"

आणि नारळाच्या ढिगाआडून जयकुमार धावत आले. "सापडला! ह्यानं विकली ना? सांग, सुधींद्र!"

मामांनी गणवेशाकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, मग त्याच्या ओठावरच्या मोकळ्या जागेकडे बराच वेळ पाहिलं.

"सुधींद्र? तूच? फोटोत मिशी होती."

स्फूर्ती, त्या क्षणी त्यानं 'हो' म्हणायचं होतं, बस. केस झाली असती, साहेब खूश झाले असते. पण मामा पोलीस ठाण्यात, मग मांडवात अनुषाचा हात कोण धरणार? तो खाली मान घालून म्हणाला, "नाही सार. पैसे घेतले नाहीत. विकली नाही."

झालं. निधी परत गेला. फक्त गणवेश तेवढा घेऊन झाला होता, तो वाया का घालवा, म्हणून जयकुमारनी त्याला दुपारच्या उन्हात बस स्टँडवर उभं केलंय. अंगात गणवेश, हातात फलक, 'तंबाखूपासून मला वाचवा'. येणारीजाणारी बायामाणसं त्याचा गालगुच्चा घेतात.

शुक्रवारी वेंकटलक्ष्मीबाईंनी केसरी शिरा केला, बज्जी तळली. कोणी आलं नाही. सगळं गार झाल्यावर फोन आला. वरदराजमामा स्वतः बोलत होते, आणि फार मायेनं बोलत होते.

"अक्का, तुमच्या पोराचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. माझ्यासाठी त्यानं साहेबाचा राग ओढवून घेतला. सोन्यासारखं पोर."

"मग येताय ना?"

"तेच तर. मी मेहुण्याला म्हटलं, पोर सोन्यासारखं आहे, पण हाती आलेला माणूस सोडून देणारा पोलीस, त्याचा संसार कसा होणार? आपली अनुषा नको त्याला द्यायला. त्याला पटलं."

बाईंनी फोन ठेवला आणि बज्जी शेजारी वाटली. सुधींद्र आतल्या खोलीत आरशासमोर बसला होता, ओठाला एरंडेल लावून.

म्हणजे धरला असता तर मामा गेला असता, आणि सोडला तर मामानंच स्थळ घालवलं. तूच सांग स्फूर्ती, त्याच्या जागी तू असतीस, गळ्यात ती पाण्याची बाटली घालून, तर काय केलं असतंस?