धोंडोपंतांचा दिवा आणि महाराजांची समई

एका जंगलात, मुलांनो, धोंडोपंत नावाचं साळिंदर राहत होतं. हसू नका. साळिंदराने धोंडोपंत का असू नये?

या धोंडोपंतांनी बारा वर्षं खपून धबधब्याच्या पाण्यावर वीज तयार केली. दुसऱ्या वर्षी झटका बसून मिशा गेल्या. पाचव्या वर्षी बायको माहेरी गेली. पण वडाला टांगलेला काचेचा दिवा पहिल्यांदा लागला, तेव्हा म्हातारा आनंदाने ढसाढसा रडला.

जंगलाचे महाराज सिंह. त्यांनी अट घातली, “उद्याच्या समारंभात दिवा लागला तर धबधबा तुमचा. नाहीतर हत्तींना आंघोळीला परत.”

आता त्या जंगलाची एक रीत होती. महाराजांच्या हस्ते समई उजळल्याशिवाय कुठलंच कार्य सुरू करायचं नाही. मग ते कार्य विजेच्या दिव्याचं का असेना!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे वडाखाली जमले. महाराज समईपुढे उभे राहिले आणि समारंभ समितीचे चिटणीस कोल्हेसाहेब यांना काडेपेटी सापडेना. शोधता शोधता अंधार पडला. कुणीतरी सशाच्या कानावर पाय दिला.

“चिटणीससाहेब, दिवा लावू का?” धोंडोपंतांनी विचारलं.

“छे, छे! आधी समई.”

“निदान काडेपेटी शोधण्यापुरता?”

“बरं, तेवढ्यापुरता लावा.”

धोंडोपंतांनी बटण दाबलं. अख्खा वड लख्ख उजळला. पाडसं नाचायला लागली. काडेपेटी कोल्ह्याच्याच बगलेत होती.

“सापडली! बंद करा तो आता,” कोल्हा खेकसला. “एवढ्या उजेडात महाराजांची समई दिसणार कशी?”

बिचाऱ्यांनी बंद केला. पाचव्या काडीला समई लागली. टाळ्यांचा कडकडाट झाला. महाराज प्रकाशाच्या महतीवर पाऊण तास बोलले. मग त्यांना भूक लागली आणि ते निघाले. त्यांच्यामागे सगळं जंगल निघालं.

“अहो, माझा दिवा राहिला की!” धोंडोपंत धावले.

कोल्ह्याने वहीत पाहिलं. “समारंभात लागल्याची नोंद नाही.”

“मघाशी लागला होता ना! तुमच्या डोळ्यांदेखत!”

“तेव्हा समारंभ सुरू कुठे झाला होता?”

सकाळी हत्ती धबधब्यावर हजर झाले. पण समिती काही निर्दय नव्हती हं! तिने धोंडोपंतांना समईत तेल घालायची कायमची नोकरी दिली.

तात्पर्य: मुलांनो, अंधाराचा कंटाळा आला तर दिव्याचा शोध लावत बसू नका. काडेपेटी ज्याच्या बगलेत आहे, त्याच्याशी ओळख वाढवा.