ड्रॅगनचा मेकॅनिक कुठे गेला?

"दुसरा भाग कसा असणार, ते मला विचारा," टिकलीचे बाबा हातातली तिकिटं नाचवत म्हणाले. "अख्खं पुस्तक मी स्वतःच्या तोंडानं वाचून दाखवलंय. सिनेमावाल्यांनी एक पान जरी गाळलं, तरी माझ्या नजरेतून सुटायचं नाही."

"वाचलंय खरं," टिकलीची आई म्हणाली. "पण जागेपणी किती आणि झोपेत किती?"

हा त्या घरातला जुना वाद. बाबा गॅसचे गीझर दुरुस्त करायचे. दिवसभर लोकांच्या बाथरूममध्ये स्टुलावर चढून, मान वर करून काम करायचं आणि रात्री आठ वर्षांच्या लेकीशेजारी आडवं होऊन पुस्तक उघडायचं. दोन पानांत त्यांचा आवाज जड होई. आईचं म्हणणं, हे चक्क झोपतात. बाबांचं म्हणणं, आपण फक्त डोळ्यांना विश्रांती देतो. शेवटी आईनं बजावलं होतं की, झोपतात हे एकदा सिद्ध झालं की तिसरा भाग ती वाचणार. तेव्हापासून बाबा हादरले होते. लेकीच्या वाट्याला ते दिवसातून तेवढेच यायचे आणि ती वेळ हातची जाऊ द्यायला ते काही केल्या तयार नव्हते.

सिनेमा सुरू झाला आणि रटाळ निघाला. पहिल्या भागात डोंगर जाळत सुटलेला ड्रॅगन आता गुहेत बसून नुसते उसासे टाकत होता. राजपुत्र घोड्यावरून एका कुरणातून दुसऱ्या कुरणात जात होता. कुरणं तेवढी बरी होती.

"बाबा, मेकॅनिक कधी येणार?" टिकलीनं कुजबुजत विचारलं.

बाबा चमकले. कोणता मेकॅनिक? पुस्तकात असलं कोणी असल्याचं त्यांना काही केल्या आठवेना. पण पलीकडच्या खुर्चीवर आईनं पॉपकॉर्न खायचं थांबवून कान टवकारले होते. आठवत नाही म्हणणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं.

"येईल ना," ते ठामपणे म्हणाले. "मध्यंतरानंतर. त्याच्याशिवाय गोष्ट पुढे जाईलच कशी?"

गोष्ट त्याच्याशिवायच पुढे गेली आणि संपलीही. दिवे लागले तेव्हा टिकलीच्या डोळ्यांत पाणी होतं. "तोच तर सगळ्यात भारी होता," ती म्हणाली. "त्यांनी त्यालाच काढून टाकलं."

लेकीचं रडणं बाबांना बघवत नसे. त्यांनी बाह्या वर केल्या आणि तडक मॅनेजरची केबिन गाठली.

"मेकॅनिकचा सीन कापलाय तुम्ही."

"साहेब, आमच्याकडे सिनेमा येतो तसा आम्ही लावतो," मॅनेजर म्हणाला.

"मला शिकवू नका. मी पुस्तक वाचलंय."

पाठोपाठ आणखी आईबाप दारात जमले. सिनेमा सगळ्यांनाच कंटाळवाणा वाटला होता. का, ते आता कळलं. "तरीच म्हटलं, काहीतरी कापलेलं वाटतंय," एक बाई म्हणाल्या. नातवाला घेऊन आलेल्या एका आजोबांनी तर छातीठोक सांगितलं, "मीही वाचलंय हो. तो मेकॅनिक म्हणजे पुस्तकाचा आत्मा आहे." बाबांना आणखी चेव चढला. सीन दाखवल्याशिवाय इथून कोणी हलणार नाही, असं त्यांनी सगळ्यांच्या वतीनं जाहीर केलं.

मॅनेजरनं घाम पुसला आणि सिनेमा पाठवणाऱ्या कंपनीला फोन लावला. "नेमका सीन काय आहे, विचारताहेत."

सगळे बाबांकडे बघू लागले. बाबांनी मोठ्या मनानं टिकलीला खुर्चीवर उभं केलं. "सांग बेटा. न घाबरता सांग."

टिकली कशाला घाबरते! "ड्रॅगनच्या तोंडातली आग बंद पडते," तिनं सुरुवात केली. "म्हणून राणी मेकॅनिकला बोलावते. तो ड्रॅगनच्या तोंडात बॅटरी मारतो आणि म्हणतो, ठिणगी पडतेय, पण ज्योत धरत नाही. सेल बदलून बघितले का, मॅडम?"

बाबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरू लागला.

"राणी म्हणते, कालच बदलले. मग तो म्हणतो, मग पाण्याचा दाब कमी असेल. वॉशर पण गेलाय. पार्ट कंपनीतून मागवावा लागेल, परवा येतो. ड्रॅगन बिचारा तोंड उघडून बसून राहतो. आणि परवा तो येतच नाही! म्हणून तर राजपुत्र जिंकतो."

मग मॅनेजरनं हळूच फोन ठेवला. आजोबा नातवाला घेऊन कधी सटकले, ते कळलंही नाही.

"अहो," आई शांतपणे म्हणाली, "तो वॉशर मागच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंचा ना? त्यांचे अजून फोन येताहेत."

बाबांनी मान खाली घातली. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "ठीक आहे," ते म्हणाले. "तिसरा भाग तू वाच."

"मुळीच नाही!" टिकली खुर्चीवरून ओरडली. "आई फक्त पुस्तकात असतं तेवढंच वाचेल. तिसरा भाग बाबाच वाचणार. झोपून."

आईला हसू आवरेना. लेकीपुढे तिचंही काही चाललं नाही. बाबांचा जीव भांड्यात पडला.

रात्रीपर्यंत थांबायला टिकली तयार नव्हती. घरी दुपारची जेवणं उरकताच तिनं पडदे ओढले, बाबांना उशी दिली, अंगावर पांघरूण घातलं आणि तिसरा भाग त्यांच्या छातीवर उघडा ठेवला. बाबाही इरेला पेटले. त्यांनी डोळे घट्ट मिटले, या कुशीवरून त्या कुशीवर झाले, मनातल्या मनात अंक मोजले. जन्मात पहिल्यांदाच त्यांची झोप पार उडाली होती. शेवटी त्यांनी बारीक घोरायला सुरुवात केली आणि जड आवाजात म्हणाले, "मग... ड्रॅगनच्या गुहेत... पाईप फुटला..."

टिकलीनं थोडा वेळ लक्ष देऊन ऐकलं. मग पुस्तक उचलून ती दाराकडे निघाली.

"आई, तूच वाच गं," ती म्हणाली. "हे जागे आहेत. जागेपणी यांना काही सुचत नाही."