तीन पट्ट्यांचा बेडूक

वीरभद्रअप्पा नव्या माणसाकडे बघायचे ते अशा नजरेनं, की याच्या कपाळावर एक टिचकी मारून आवाज कसा येतो ते ऐकावं. मारायचे नाहीत, पण बोट वळवळायचं. बीडच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं आणि जन्मभर हंडे-घागरी वाजवून घेतल्यामुळे त्यांना देवाची सगळी सृष्टी भांड्यांच्या दुकानासारखी दिसे. त्यांच्या मते जगात जिवंत वस्तू चारच प्रकारच्या होत्या: तांब्याच्या, पितळी, जर्मलच्या म्हणजे ॲल्युमिनियमच्या आणि स्टीलच्या. धामण तांब्याची. नाग पितळी, कारण त्याला पूजेत मान. पाण्यातली दिवड जर्मलची, कितीही घासा, कळकटच दिसणार. स्टीलचा प्राणी त्यांना सापडला नव्हता. पुढारी तेवढा त्यांनी त्या फळीवर ठेवला होता.

"कायबी लागत न्हाई त्याला," ते म्हणत. "पाण्याखाली धरला की कोरा."

त्यांच्या दुकानाला लागून माझा एसटीडी बूथ होता. देशानं आपली दारं उघडली असं तेव्हा पेपरात रोज यायचं. आमच्या गल्लीत त्याचा पुरावा म्हणजे माझी पिवळी पाटी आणि अप्पांकडची भांड्यांवर नाव घालायची नवी विजेची मशीन. लोकांनी घरोघरची पितळ मोडून स्टील घ्यायला सुरुवात केली होती आणि स्टीलवर नाव घातल्याशिवाय ते आपलं वाटत नव्हतं. लग्नसराईत ती मशीन अशी गुणगुणायची, की माझ्या बूथवरून दुबईला बोलणाऱ्या बायकोला तिकडचा नवरा विचारायचा, मागं भुंगा कसला लागलाय.

तर या अप्पांना एक वेड होतं. त्यांना बेडकाची नाहीतर सापाची नवी जात शोधून काढायची होती.

हे वेड लावलं पुण्याच्या एका प्रोफेसरांनी. काही वर्षांपूर्वी ते विद्यार्थी घेऊन कपिलधारच्या धबधब्यावर बेडूक शोधायला आले होते आणि डबे घ्यायला अप्पांच्या दुकानात शिरले होते. झाकणांना भोकं पाडून देता देता अप्पांनी विचारलं, बेडकाचं करता काय? प्रोफेसर म्हणाले, एखादा नवा निघाला तर त्याला नाव देतो. शोधणारा सुचवील ते नाव. आणि एकदा दिलं की ते नाव पुस्तकात राहतं, कुणी पुसू शकत नाही.

भांड्यांवर नावं घालून पोट भरणाऱ्या माणसाला हे सांगायचं म्हणजे गवताच्या गंजीजवळ विडी ओढण्यासारखं होतं. अप्पा त्या दिवसापासून पेटले.

मी उगाच वाढवून सांगत नाही, थोडंच वाढवतो. एकदा मांजरसुंब्याच्या अलीकडे त्यांनी चालती एसटी थांबवली. सगळ्यांना वाटलं म्हाताऱ्याला भोवळ आली. अप्पा उतरले, रस्त्याकडेच्या चारीत शिरले आणि हाताला साप गुंडाळून वर आले. सापाच्या पोटाच्या मधोमध एक गाठ होती.

"गाडी कावून थांबवली?" कंडक्टर ओरडला.

"नवी जात हाय. गाठीची."

गाडीतले लोक असे उतरले, की ड्रायव्हर एकटाच मांजरसुंब्याला पोचला. बाकीची जत्रा अप्पांच्या मागून पायी. ढाब्यावर अप्पांनी साप खाटेवर ठेवला. सापानं एवढी माणसं बघितली, दोन उचक्या दिल्या आणि पोटातला बेडूक बाहेर काढला. गाठ गेली. नवी जात जुनी झाली. अप्पांनी धीर सोडला नाही, खाली वाकून बेडूकही उलटसुलट करून बघितला.

"हाबी जुनाच," ते म्हणाले आणि चहा सांगितला.

आता त्यांची दुसरी तऱ्हा सांगतो. अप्पा कुठल्याही भांड्यावर कुठलंही नाव घालायचे. बारशाची वाटी असो, रुखवताचा हंडा असो, एका पैलवानानं तर म्हशीच्या बादलीवर म्हशीचं नाव घालून नेलं होतं. पण 'गिरिजा' हे नाव ते घालत नसत. कुणी गिरिजाबाई आली की तिला सरळ समोरच्या दुकानाकडे बोट दाखवायचे.

"अप्पा, गिऱ्हाईक कावून घालवता?" मी एकदा विचारलं.

"ते नाव बुक हाय."

"कुणी केलं बुक?"

"तू तुझे नंबर लाव बे."

बाजारात यावर अर्थातच अभ्यास झाला. गिरिजा म्हणजे तरुणपणीचं प्रकरण असणार, यावर सगळ्यांचं एकमत होतं. फक्त ती परळीची की अंबाजोगाईची, यावर दोन तट पडले होते. मी अंबाजोगाईच्या तटाचा म्होरक्या होतो.

आणि एका श्रावणात अप्पांना तो बेडूक सापडला.

अप्पा दर सोमवारी कपिलधारला जात. अंघोळ करायची, भस्म लावायचं, दर्शन घ्यायचं आणि मग धबधब्याखालच्या दगडांत हात घालत हिंडायचं. त्या सोमवारी ते तांब्याची घागर पोटाशी धरून थेट माझ्या बूथमध्ये घुसले. आत एक पोरगी नवऱ्याशी बोलत होती. तिला त्यांनी "सासरची खुशाली नंतर इचार" म्हणून बाहेर काढलं.

घागरीत ओल्या वाळूवर एक खडबडीत, फुगीर बेडूक बसला होता. तोंडावर रागावलेल्या मामलेदाराचा भाव. आणि डोक्यावर, डोळ्यांच्या मागे, तीन पांढरे आडवे पट्टे. अगदी अप्पांच्या कपाळावर होते तसे.

"शैव हाय," अप्पा दबक्या आवाजात म्हणाले. "लाव पुण्याला."

पुण्याला फोन लागला. अप्पांनी वर्णन केलं. प्रोफेसरांनी सहज विचारलं, ओरडतो कसा? अप्पांनी रिसीव्हर घागरीत सोडला. मीटर पळत होतं आणि बेडूक गप्प. मौनव्रत असल्यासारखा गप्प. शेवटी अप्पांनी डोकं घागरीत घालून स्वतःच आवाज काढून दाखवला. तांब्याच्या घागरीतून तो असा घुमला, की समोरचा शिंपी मशीन थांबवून उठला.

प्रोफेसर म्हणाले, "आवाज चांगला आहे. पण हा बेडकाचाच ना?"

एवढं होऊनही ते यायला कबूल झाले, पण कामातून सुटका व्हायला त्यांना पंधरवडा लागला. तोवर त्या बेडकाचं काय कौतुक झालं म्हणता. रोज सकाळी पूजा आटोपून, कपाळाला भस्म लावून अप्पा तसेच घागरीपाशी येत, त्याला तळहातावर घेत आणि डोक्यावरून तीन बोटं फिरवत. गोंजारणं उरकलं की मग दुकान उघडायचं. नवऱ्याला बायकोनं इतकं जपलेलं मी आमच्या गल्लीत पाहिलं नाही, निदान आमच्या घरी तरी नाही.

प्रोफेसर आले ते बारीक अंगाचे, मऊ बोलणारे गृहस्थ निघाले. अप्पांच्या घरी पुढच्या खोलीत आम्ही बसलो. त्यांची बायको, आमच्या काकू, आत चहा टाकत होत्या. प्रोफेसरांनी बेडूक हातात घेतला आणि अप्पा तोंडातलं पान चघळायचं विसरले.

"नवा असंल तर नाव मीच सांगायचं ना?"

"तुम्हीच. पण अप्पा, तेवढ्यानं होत नाही. तोंडापासून ढुंगणापर्यंत मापं घ्यायची, बोटांमधले पडदे बघायचे, कानाचा गोल बघायचा, सगळं जुन्या नमुन्यांशी ताडायचं. आणि ज्याच्यावरून नाव दिलं तो बेडूक कायमचा जपून ठेवायचा."

"ठिवू की. मोठी घागर काडतो."

"घागरीत नाही. स्पिरिटच्या बाटलीत."

"जित्ता?"

"नाही."

अप्पांनी पान बाहेर जाऊन थुंकलं आणि परत येऊन बसले. "मंग ते नाव कुणाचं? बाटलीतल्याचं?"

"पहिलं त्याचंच. त्याच्यामुळे बाकीच्यांचं."

अप्पांनी प्रोफेसरांच्या हातातल्या बेडकाच्या पाठीवर एक बोट ठेवलं. 

"नगं मग," ते म्हणाले. "एकदा गेली ती. परत बाटलीत कावून घालू?"

"कोण गेली?" मी विचारलं. अंबाजोगाई की परळी, हेच अजून माझ्या डोक्यात.

उत्तर दारातून आलं. काकू चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. "आमाला पोरगी झालती. बारशाच्या आदीच गेली. गिरिजा ठिवायचं ठरलंतं. नाव राह्यलं तसंच, कोरं." मग ट्रे खाली ठेवत म्हणाल्या, "चहा घ्या. गार होतोय."

"भांड्यावरचं नाव घासून घासून जातं," अप्पा प्रोफेसरांना म्हणाले, जणू माफी मागत होते. "तुमी म्हनलंता पुस्तकातलं जात न्हाई. म्हनून."

 बेडूक अजून प्रोफेसरांच्या हातात होता आणि त्यांचा अंगठा नकळत त्याच्या डोक्यावरून फिरत होता. अंगठा थांबला. मी पाहिलं. बेडकाच्या डोक्यावर आता दोनच पट्टे होते. तिसरा प्रोफेसरांच्या अंगठ्यावर आला होता. त्यांनी अंगठ्याकडे बघितलं, मग अप्पांच्या कपाळाकडे, मग अप्पांच्या उजव्या हाताच्या तीन बोटांकडे. नखांत सकाळचं भस्म तसंच होतं.

बोलायची संधी मी जन्मात सोडलेली नाही. माझं तोंड उघडलंही होतं. पण प्रोफेसरांनी खालून माझ्या पायावर पाय ठेवला आणि एवढ्या मऊ माणसाला इतकं वजन कुठून आलं कोण जाणे.

"अप्पा," ते म्हणाले, "असा बेडूक मी आजवर पाहिला नव्हता. तुम्ही म्हणता तेच बरोबर. याला सोडून द्या." आणि अंगठा हळूच रुमालाला पुसला.

सोमवारी आम्ही कपिलधारला गेलो. दर्शन झाल्यावर अप्पांनी घागर दगडांशी आडवी केली. बेडूक बाहेर यायला तयार नव्हता. अप्पांनी त्याला उचललं, डोक्यावरून शेवटची तीन बोटं फिरवली आणि खाली ठेवलं. पुन्हा तिन्ही पट्टे लखलखीत घेऊन तो मामलेदार सावकाश कपारीत गेला.

"बगितलं का?" अप्पा म्हणाले. "धबधब्यातबी पट्टे जात न्हाईत."

"अस्सल माल आहे अप्पा," मी म्हणालो. मी आयुष्यात जेवढ्या थापा मारल्या त्यांत ही सगळ्यात आखूड.

त्यानंतर अप्पांनी नव्या जाती शोधल्या नाहीत. पाऊस पडला की दुकानाच्या पायरीवर बसून नाल्यातले बेडूक ऐकत, आणि एखादा निराळा ओरडला तर मान वर करत, एवढंच.

पुढं आमच्याकडे मुलगी झाली. बारशासाठी मी वाटी घ्यायला शेजारी गेलो. अप्पांनी एक निवडली, टिचकी मारली, आवाज ऐकला आणि मशीनची वायर लावली.

"नाव काय घालू?"

"घरातल्या सगळ्यांचं एक ठरलंय," मी म्हणालो. "पण ते तुमच्याकडं बुक आहे."

अप्पांनी वाटी हातात फिरवली. बाहेर कुणीतरी हंड्याचा भाव विचारत होतं, त्याच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मग मशीन गुणगुणायला लागली. एवढी सावकाश ती कधी चालली नव्हती. नाव झाल्यावर त्यांनी वाटी धोतराच्या सोग्यानं पुसली, उजेडात धरली, परत पुसली आणि माझ्या हातात दिली.

"घरी सांग," ते म्हणाले, "राखेनं घासू नगा. नाव जातं."