ओट्याच्या उंचीची चौकशी

पौर्णिमेच्या भरदुपारी, सारा कोळीवाडा जेवायला बसलेला असताना, समुद्र गावच्या नव्या सिमेंटच्या ओट्यावर चढला आणि नीराबाईने सुकत घातलेला पाच टोपल्या जवळा घेऊन गेला. पावसाळ्याची तिची निम्मी बेगमी गेली. अमावास्येच्या उधाणाआधी ओटा हातभर उंच झाला नाही, तर उरलेलीही जाणार होती.

ओटा मच्छीमार सोसायटीने बांधला होता. उंची चेअरमन चंदर यांनी जातीने काठी रोवून ठरवली होती; तीही अष्टमीच्या भांगाला, जेव्हा समुद्र लांबूनच राम राम करून परत जातो. उधाणाला पाणी कुठवर येतं हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण ओटा उंच झाला असता, तर चंदर यांच्या नव्या होम-स्टेच्या खाटेवरून समुद्र दिसला नसता.

चौकशीसाठी सभा भरली. अध्यक्षस्थानी, प्रथेप्रमाणे, चंदरच होते.

“चंदर, चुकलं म्हन आन् वटा उंच कर. मना दुसरं काय नको,” नीराबाई म्हणाली.

“काकी, मी काय एकट्यानं ठरवलं? विनेश, वाच.”

सचिव विनेशने इतिवृत्त वाचलं. ‘उंचीबाबत हरकत आहे काय, असे तीनदा विचारण्यात आले. कोणीही बोलले नाही. सबब ठराव मंजूर.’

“तू व्हतीस ना काकी? मग बोलली का न्हाय?”

“सभा तुज्या होम-स्टेच्या पूजेतच घेतलीस. तोंडात शिरा व्हता.”

“शिऱ्याची नोंद न्हाय,” विनेश गंभीरपणे म्हणाला.

निष्कर्ष चहा येण्याआधीच निघाला. गप्प बसलेले एकशे बेचाळीस सभासद दोषी. चंदर तेवढे निर्दोष, कारण अध्यक्षांना मत नसतं. समुद्राला नोटीस द्यावी, अशीही सूचना आली. पण तो सभासद नसल्याने ती फेटाळली गेली.

“बरं, आमी दोषी. पन वटा?” नीराबाईने विचारलं.

इथे नियम आडवा आला. दोषींना स्वतःच्या प्रकरणात मत देता येईना, आणि अध्यक्षांना ते नव्हतंच. त्यामुळे ओटा उंच करण्याचा ठराव मंजूर करायला गावात कोणी उरलंच नाही.

चंदर उठले. त्यांचे डोळे पाणावले होते. “मी गावाला माफ केलं,” ते म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. नीराबाईच्या अंगाची लाहीलाही झाली. ती बोलायला उठणार, तोच शेजारच्या किशोरीने तिचा पदर ओढला. “बस गो काकी. कशाला वाईटपणा घेतंस?”

ती बसली. रिकाम्या हातांचं काय करावं ते न कळून तिनेही दोन टाळ्या वाजवल्या.

तुम्ही असता तर उठून चार शब्द सुनावले असते, यात शंका नाही. मागच्या रविवारी तुमच्या इमारतीची सभा होती. बोलावणारा दारात उभा राहून बेल वाजवत होता, आणि तुम्ही टीव्हीचा आवाज बारीक करून घरात नसल्यासारखे बसला होता.