परबकाकांचा व्हिप

आमच्या चारकोपच्या बिल्डिंगमध्ये गच्चीवर पापड वाळत घालायचे तरी व्हिप निघतो. काढणारे एकच, समोरच्या दाराचे परबकाका.

काका दिवसभर बातम्या लावून बसतात. पक्षानं आमदारांवर व्हिप बजावला, हजर राहा, सांगू तसं मत द्या, नाहीतर अपात्र, हे त्यांनी ऐकलं आणि तो शब्द त्यांच्या जिभेवर जो बसला तो उठलाच नाही. माझी मुलगी सई म्हणाली, व्हिप म्हणजे केकवरचं क्रीम. माझ्या सासऱ्यांच्या मते व्हिप म्हणजे टांगेवाल्याचा चाबूक. काकांनी दोघांनाही उडवून लावलं.

"फेटूचो नाय, मारूचो नाय. ह्यो पाळूचो."

पाळायचा कोणी, तर आम्ही. दुसऱ्या मजल्यावरची चार घरं म्हणजे काकांचा पक्ष. पक्षात आम्हाला कोणी विचारून घेतलं नव्हतं, ते सोडा. सोसायटीच्या मीटिंगआधी काका दारोदार फिरून व्हिप बजावणार. पाण्याची टाकी धुवायची, हात वर. गणपतीत डीजे, हात खाली. मोडला की अपात्र. आणि अपात्र माणसाला रविवारची सोलकढी बंद.

हसू नका. काकांची सोलकढी प्यायली नाही त्याला ही शिक्षा कळायची नाही. काकी गेल्या तेव्हापासून काका घरात एकटेच, पण काकींच्या हातची ती चव त्यांनी बरोब्बर धरून ठेवलीय. दर रविवारी पातेलंभर करतात आणि अख्ख्या मजल्याला पाजतात.

पुन्हा पात्र व्हायची सोयही होती. नारळ घेऊन जायचं आणि माफी मागायची. तोच नारळ पुढच्या रविवारी सोलकढीत. म्हणजे आम्ही जितकं बंड करू तितकी कढी दाट. डोकं बघा माणसाचं!

मी कायमची बंडखोर. गेटला निळा रंग द्यायचा व्हिप होता, मी मुद्दाम हिरव्याला हात वर केला. त्या दिवशी माझं बघून सगळा मजलाच फुटला आणि काकांनी सगळ्यांना एकदम अपात्र केलं. रविवार उजाडला. काका भरलं पातेलं पुढ्यात घेऊन दार उघडं टाकून बसले. जेवायची वेळ टळायला आली तसे स्वतःच बाहेर येऊन म्हणाले, सर्वांना माफी, पेले घेऊन या.

गेल्या महिन्यात काका बाथरूममध्ये घसरले. हाड वाचलं, पण पुण्याहून त्यांची मुलगी वैशाली आली ती काकांची बॅग भरायलाच. तिचंही काय चुकलं? बाप एकटा, पडला तर बघणार कोण?

काकांनी आम्हाला घरी बोलावलं. विषय एकच, काकांनी पुण्याला जावं की इथेच राहावं. आम्ही व्हिपची वाट बघत बसलो. काका पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "आज माझो व्हिप नाय. आपापल्या मनान हात वर करा."

कोणी हललंच नाही. इतकी वर्षं सांगून हात वर करायची सवय, मन कुठलं सापडतंय पटकन! वैशाली आमच्या तोंडाकडे बघत होती. आणि काकांची नजर अजून अंगठ्यावरच. मला ते सहन होईना.

"व्हिप निघालाय," मी उठून म्हटलं. "काकांनी इथेच राहायचं. मजल्यावरच्या घरांनी आळीपाळीनं रोज सकाळ-संध्याकाळ ह्या दारात डोकवायचं. एक चावी माझ्याकडे राहील. बाथरूममध्ये धरायला दांडा उद्याच बसेल."

"कोणी काढल्यान व्हिप?"

"मी."

"तू अपात्र आसस. गेटच्या वेळचो नारळ अजून येऊचो आसा."

"सगळ्यांना माफी दिली होती ना?"

"नारळ माफ नाय केललंय."

मी घरी जाऊन देव्हाऱ्यापुढचा नारळ उचलून आणला. परत येते तो सगळ्यांचे हात वर. सासरे तर दोन्ही हात वर करून बसलेले. वैशालीनं डोळे पुसले, बॅगेची चेन उघडली आणि काकांचे सदरे परत कपाटात ठेवायला लागली.

काकांनी नारळ कानाशी नेऊन हलवला. बराच वेळ हलवत राहिले, मान खाली घालून.

"पाणी आसा," ते म्हणाले. "रविवारी पेलो घेवन ये."